चेहऱ्याचं एक्सफोलिएशन: गव्हाळ-सावळ्या त्वचेला कशाने, किती आणि कुठे थांबायचं

रसायनी (धागाकर्ती)

त्वचेच्या सगळ्यात वर चपट्या, मेलेल्या पेशींचे पंधरा-वीस पदर असतात. सगळे मिळून जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या ते पन्नासाव्या भागाइतकी. पेशी खाली तयार होतात, वर सरकतात आणि गळतात. तरुणपणी या फेऱ्याला साधारण २८ दिवस लागतात, वय वाढलं की त्याहून बरेच जास्त. पेशींना एकमेकींशी बांधणाऱ्या प्रथिनांच्या गाठी सोडवणारी विकरं (एन्झाइम) त्वचेतच असतात, म्हणजे हे काम रोज आपोआप चालूच असतं. बाहेरून आपण फक्त थोडी मदत करतो, तेच एक्सफोलिएशन. शिवाय हाच थर आतलं पाणी धरून ठेवतो आणि बाहेरचा त्रास बाहेर अडवतो. म्हणून ‘जेवढं जास्त निघेल तेवढा चेहरा उजळेल’ हा हिशेब मुळातच चुकतो.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. त्वचेचा रंग आणि ती उन्हात किती भाजते यावरून सहा प्रकार करणाऱ्या फिट्झपॅट्रिकच्या प्रतवारीत बहुतेक मराठी माणसांची त्वचा चौथ्या-पाचव्या प्रकारात येते. अशा त्वचेला दाह झाला की रंगपेशी त्या जागी जास्तीचं रंगद्रव्य सोडतात. गोऱ्या त्वचेवरची लाली चार-सहा दिवसांत विरते, आपल्याकडे त्याच जागी तपकिरी डाग राहतो आणि तो जायला कित्येक महिने लागतात. त्यात सावळ्या रंगावर लाली चटकन दिसतही नाही. परदेशी व्हिडिओंमधलं ‘रोज रात्री अ‍ॅसिड’ हे वेळापत्रक म्हणूनच जसंच्या तसं उचलू नये.

साधनं तीन तऱ्हांची. घासणारी: स्क्रब, ब्रश, कापड. विरघळवणारी आम्लं: ग्लायकोलिक, लॅक्टिक, मँडेलिक (एएचए, म्हणजे अल्फा हायड्रॉक्सी आम्लं), सॅलिसिलिक (बीएचए, म्हणजे बीटा हायड्रॉक्सी) आणि ग्लुकोनोलॅक्टोनसारखी सौम्य पीएचए (पॉलिहायड्रॉक्सी). तिसरी पपई-अननसातल्या विकरांची; ती सौम्य खरी, पण बाटलीतून बाटलीत त्यांचा जोर बदलतो, म्हणून सुरुवातीला मी ती सुचवत नाही.

निवड अशी करावी. तेलकट कपाळ-नाक, ब्लॅकहेड्स, बारीक पुटकुळ्या असतील तर सॅलिसिलिक ०.५ ते २ टक्के. ते तेलात विरघळतं, त्यामुळे रोमछिद्रातल्या तेलकट बुचापर्यंत पोचतं. पिंपल्स गेल्यावर राहिलेले डाग आणि निस्तेजपणा असेल तर मँडेलिक ५ ते १० टक्के. कोरडी, ओढल्यासारखी त्वचा असेल तर लॅक्टिक ५ टक्के किंवा पीएचए. ग्लायकोलिकचा रेणू या आम्लांत सगळ्यात लहान, म्हणून ते भराभर आत शिरतं. काम जोरात करतं आणि आगही जास्त करतं. पहिल्यांदाच सुरू करताय तर ते बाजूला ठेवा.

सुरुवातीची पद्धत सांगते. आधी कानामागे किंवा जबड्याच्या कडेला रुपयाएवढ्या जागी ओळीने तीन रात्री लावून पाहा. काही झालं नाही तर चेहऱ्यावर, आठवड्यातून एकदा, रात्रीच. सौम्य फेसवॉशने चेहरा धुवा, टिपून घ्या आणि १० ते १५ मिनिटं पूर्ण कोरडा होऊ द्या, कारण ओल्या त्वचेतून आम्ल जास्त वेगाने आत जातं. नाकपुड्यांच्या खाचा, ओठांचे कोपरे आणि डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यांवर व्हॅसलीनचं पातळ बोट फिरवा. मग सीरम असेल तर ३-४ थेंब, पाण्यासारखं टोनर असेल तर साधारण १ मिली तळहातावर घेऊन पसरवा. कापूस नको, तो अर्धं औषध पितो आणि वर घासतोही. पापण्या आणि डोळ्यांखालचा भाग सोडा. दहा मिनिटांनी साधं मॉइश्चरायझर. त्या रात्री दुसरं काही नाही. चार आठवडे असंच चालवा, मग आठवड्यातून दोनदा. बहुतेकांना तेवढं पुरतं.

केवडा

टक्क्यांबद्दल विचारायचं होतं. दोन कंपन्यांच्या बाटल्यांवर १० टक्के ग्लायकोलिक लिहिलंय, पण एक चांगली चुरचुरते आणि दुसरीचं काहीच जाणवत नाही. एक बनावट समजायची का?

रसायनी

तसंच असेल असं नाही, फरक पीएचचा असणार. पीएच म्हणजे आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त. आम्लाचा जो भाग ‘मोकळा’ असतो तोच त्वचेत नीट शिरतो. क्षारात बदललेला भाग बहुतांशी वरच राहतो. ग्लायकोलिकचा अर्धा भाग मोकळा असतो ३.८ पीएचच्या आसपास. म्हणजे १० टक्क्यांच्या बाटलीचा पीएच ३.८ असेल तर कामाचं आम्ल ५ टक्के. तीच बाटली ४.८ वर असेल तर जेमतेम १ टक्का. आणि पीएच ३ असेल तर जवळपास ९ टक्के! आकडा तोच, मारा नऊपट.

घरी वापरायच्या एएचएसाठी अमेरिकेतल्या घटक-सुरक्षा समितीची शिफारस आहे: जास्तीत जास्त १० टक्के आणि पीएच ३.५ पेक्षा कमी नाही. पीएच छापलेला नसेल तर कंपनीला विचारा. सांगत नसतील तर ती बाटली सोडून देणं बरं. सॅलिसिलिकची गंमत वेगळी. त्याला ३ ते ४ पीएच लागतो, आणि ते पाण्यात फारसं विरघळत नाही म्हणून त्यात अल्कोहोल किंवा ग्लायकॉल असतं. कोरड्या त्वचेला चुरचुरतं ते पुष्कळदा त्या अल्कोहोलमुळे.

मधुमालती

स्क्रब अगदीच वाईट का? आठवड्यातून एकदा बारीक साखर किंवा मसूर डाळीचं पीठ, यात काय बिघडतं?

डॉ_कांती

पिठाने फारसं बिघडत नाही, साखरेने बिघडू शकतं. कण किती टोकदार आहे आणि हात किती दाबतो यावर सगळं अवलंबून. अक्रोडाच्या कवचाची भुकटी, जाडी साखर, मीठ, कॉफीचा चोथा यांचे कण कोनदार असतात. दाब आपण मोजत नाही, आणि जिथे खरखरीत लागतं तिथेच जास्त घासतो. नेमकी तीच जागा आधी सुजलेली असते. पिकलेल्या पिंपल्सवरून स्क्रब फिरवला तर ते फुटतात आणि डाग पक्का होतो. चपट्या चामखिळी चेहऱ्यावर असतील तर घासण्याने विषाणू ओरखड्यांतून रांगेत पसरतात. दाढी करणाऱ्या पुरुषांत हे बरंच दिसतं.

घासायचंच असेल तर मसूर किंवा हरभरा डाळीचं पीठ मैद्याच्या चाळणीतून दोनदा चाळून घ्या. एक चमचा पीठ, दोन चमचे दूध किंवा पाणी, म्हणजे ते सरसरीत होईल. बोटांच्या टोकांनी, दाब न देता, ३० सेकंद फिरवून धुवा. वाळू देऊन खरवडून काढायचं नाही. पीठ वाळताना त्वचेला ओढतं आणि काढताना घासतं, त्रास दुहेरी होतो. पिंपल्स, इसब किंवा तांबडे चट्टे असतील त्या भागाला स्क्रब लावायचाच नाही.

रसायनी

इथे माझं मत जरा कडक आहे, डॉक्टर. पिठाचा स्क्रब सौम्य असला तरी आम्ल सुरू असताना तोही नको. दोन्ही एकाच आठवड्यात केले आणि चेहरा बिघडला, तर नेमकं कशाने बिघडला ते शोधता येत नाही.

डॉ_कांती

मान्य. एका वेळी एकच साधन, हे मीही सांगते. ज्यांना आम्ल मानवत नाही त्यांच्यासाठी पिठाचा पर्याय खुला ठेवावा, एवढंच.

रानजाई

लिंबू, दही, संत्र्याच्या सालीची पूड आणि दिवाळीचं उटणं यांचं काय? ‘नैसर्गिक आहे, काही होत नाही’ असं घरोघरी ऐकू येतं.

रसायनी

चारही वेगळे आहेत, एका मापाने मोजू नका.

लिंबू: पीएच सव्वादोनच्या आसपास, म्हणजे घरी वापरायच्या आम्लांसाठी जी मर्यादा सांगितली त्याच्या बरंच खाली, आणि जोर प्रत्येक लिंबाचा वेगळा. त्याहून वाईट म्हणजे लिंबाच्या, विशेषतः कागदी लिंबाच्या सालीत फ्युरोकुमारिन्स असतात. ती त्वचेवर राहून ऊन लागलं तर भाजल्यासारखे फोड येतात आणि मागे काळपट ओघळ राहतात. लिंबू चेहऱ्याला नकोच. त्यावर ‘उतारा’ म्हणून खायचा सोडा लावतात तोही नको. त्याचा पीएच आठच्या वर, त्वचेचा पाचच्या आसपास.

दही: लॅक्टिक आम्ल १ टक्क्याच्या आसपास, पीएच चार-साडेचार. फार काही करत नाही, फार बिघडवतही नाही. मऊपणा येतो तो मुख्यतः पाणी आणि स्निग्धांशामुळे.

संत्र्याची साल: दळल्यावर कण टोकदार राहतात आणि सालीतल्या तेलाची काहींना अ‍ॅलर्जी येते. अंगाला चालेल, चेहऱ्याला टाळा.

उटणं: चंदन, वाळा, नागरमोथा, कचोरा, आंबेहळद असं असेल आणि वस्त्रगाळ असेल तर नरकचतुर्दशीला तेल लावून, त्यावर हलक्या हाताने एकदा लावायला हरकत नाही, तेलामुळे घर्षण कमी होतं. मात्र काही मिश्रणांत बावची घालतात. बावचीत सोरालेन असतं, ते त्वचेला उन्हासाठी हळवं करतं. पुडीवरची यादी वाचा. बावची असेल तर चेहरा सोडून वापरा.

रानजाई

बावचीचं माहीत नव्हतं, ही ओळ घरच्या सगळ्यांना पाठवते.

पाचूबंदर

बाजारात ते ‘पीलिंग जेल’ मिळतं, चोळलं की चेहऱ्यावरून मळाच्या वळ्या निघतात. मृत त्वचा इतकी निघते?

रसायनी

त्या वळ्या बहुतांशी जेलच्याच असतात. त्यात कार्बोमरसारखा घट्ट करणारा पदार्थ आणि काही वेळा सेल्युलोज असतं. चोळल्यावर, त्वचेवरच्या क्षारांशी आणि जेलमधल्या इतर घटकांशी गाठ पडली की त्याचे गोळे होतात. खात्री करायची तर काचेच्या पेल्यावर किंवा स्टीलच्या वाटीवर चोळून पाहा, तिथेही वळ्या येतात. थोड्या मृत पेशी त्यांना चिकटून जातात, इतकंच. वळ्या जास्त याव्यात म्हणून चोळत राहणं हाच त्यातला धोका.

मधुमालती

नाकावरचे काळे ठिपके सॅलिसिलिकने जातात का? पट्ट्या लावून ओढले तरी आठ-दहा दिवसांत परत येतात.

डॉ_कांती

एकसारख्या अंतरावर, करड्या रंगाचे, बारीक ठिपके असतील तर ते ब्लॅकहेड्स नव्हेत. रोमछिद्रात तेल आणि पेशींचा धागा नेहमीच असतो, तोच दिसतो. काढला की पुन्हा भरणारच. आठवड्यातून दोनदा २ टक्के सॅलिसिलिक फक्त नाकावर लावलं तर सहा-आठ आठवड्यांत ते फिके दिसतात, नाहीसे होत नाहीत. खरे ब्लॅकहेड्स मोठे, गडद, विखुरलेले असतात. त्यांना अ‍ॅडापलिन (मुरुमांवरचं औषध) ०.१ टक्का जास्त उपयोगी, डॉक्टरांच्या सल्ल्याने.

ज्यांना अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी सॅलिसिलिक टाळावं.

केवडा

रेटिनॉल किंवा ट्रेटिनॉइन सुरू असेल तर आम्ल कधी लावायचं?

डॉ_कांती

पहिले दोन-तीन महिने लावूच नका. रेटिनॉइडने (रेटिनॉल, ट्रेटिनॉइन, अ‍ॅडापलिन हा सगळा वर्ग) पेशींचा फेरा आतूनच वेगवान होतो आणि सालपटं निघतात. ती काढायला लोक आम्ल किंवा स्क्रब लावतात, तिथून बिघाड सुरू होतो. सालपटं निघत असतील तर मॉइश्चरायझर वाढवा, रेटिनॉइडच्या रात्री कमी करा. त्वचा रुळली की आठवड्यातली एक रात्र आम्लाची, दोन किंवा तीन रात्री रेटिनॉइडच्या, उरलेल्या रात्री फक्त मॉइश्चरायझर. एकाच रात्री दोन्ही नकोत. मुरुमांवरचं बेन्झॉइल पेरॉक्साइडही त्या रात्री बाजूला. सकाळचं व्हिटॅमिन सी एल-अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड स्वरूपातलं असेल तर तेही साडेतीनपेक्षा कमी पीएचचं असतं, म्हणून आम्लाच्या दुसऱ्या सकाळी ते वगळा. नायसिनामाइड (व्हिटॅमिन बी३) चालतं.

सॅलिसिलिकचा फेसवॉश रोज वापरत असाल तर तोही हिशेबात धरा. पुष्कळ जणांचं ‘आठवड्यातून दोनदा’ म्हणजे प्रत्यक्षात फेसवॉश, टोनर आणि सीरम मिळून सोळा वेळा झालेलं असतं.

गरोदरपणी रेटिनॉइड बंदच. सौम्य लॅक्टिक, ग्लायकोलिक आणि थोड्या भागावर २ टक्क्यांपर्यंत सॅलिसिलिक चालतं. तरी आपल्या डॉक्टरांना दाखवून घ्या.

रेशीमगाठ

पार्लरच्या बाजूने भर घालते. ओठांवर किंवा गालांवर वॅक्स करायचं असेल तर आम्लं २-३ दिवस आधी आणि ट्रेटिनॉइन-अ‍ॅडापलिन ५ ते ७ दिवस आधी बंद करा. नाहीतर मेणाबरोबर वरची त्वचाच सोलून येते आणि ओठावर तपकिरी मिशीसारखा डाग उरतो. मुरुमांच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर चेहऱ्याचं वॅक्स नकोच. थ्रेडिंगनंतर दोन रात्री त्या भागावर आम्ल नाही. ब्लीच आणि आम्ल एका आठवड्यात नको.

फेशिअल करणारीला आधीच सांगा, ‘घरी अमुक लावते’. बहुतेक फेशिअलमध्ये स्क्रब आणि वाफ असतेच. गेल्या दोन-तीन दिवसांत आम्ल लावलं असेल तर ‘ताई, स्क्रब आणि वाफ वगळा’ असं स्पष्ट म्हणायचं. कोणी वाईट मानत नाही.

पाचूबंदर

पुरुषांसाठी? रोज दाढी होते, गालावर आत वळलेल्या केसांच्या पुटकुळ्या येतात.

रसायनी

वस्तऱ्याचं पातं केसाबरोबर मृत पेशीही काढतं, म्हणजे दाढीचा भाग रोजच घासला जातोय. तिथे वेगळा स्क्रब नको. केस आत वळण्यावर सॅलिसिलिक किंवा ग्लायकोलिक उपयोगी आहे, पण दाढीनंतर लगेच नाही. सकाळी दाढी करत असाल तर रात्री लावा, आठवड्यातून दोनदा. केसाच्या दिशेनेच दाढी करा, एका जागी एकदाच पातं फिरवा. तुरटी लावल्यावर चुरचुरत असेल तर त्या रात्री आम्लाला सुट्टी.

रानजाई

मानेचा काळेपणा आणि गालावरचे वांग घासून कमी होतील का?

डॉ_कांती

दोन्ही घासून वाढतात. मानेवर जाडसर, मखमली, काळपट घड्या असतील तर तो मळ नाही. बऱ्याचदा ती इन्शुलिनला शरीर दाद देत नसल्याची खूण असते. वजन आणि रक्तातली साखर तपासून घ्या. नायलॉनच्या घासणीने मान आणि गळ्याची हाडं रोज घासणाऱ्यांत घर्षणानेच काळपट पट्टा येतो. घासणी बंद केली की तो हळूहळू फिका होतो.

वांगाचं रंगद्रव्य फक्त या मृत पेशींच्या थरात नसतं, खालून येत राहतं. त्यावर ऊन अडवणं हाच पहिला उपचार, आणि नुसतं अतिनील अडवून भागत नाही, दिसणारा प्रकाशही वांग वाढवतो. म्हणून आयर्न ऑक्साइड असलेलं, रंगाची छटा असलेलं सनस्क्रीन घ्यावं. औषधाच्या दुकानातून ‘गोरेपणाची ट्यूब’ म्हणून मिळणारं हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइडचं मिश्रण स्वतःच्या मनाने लावू नये. पंधरा दिवस चेहरा सुंदर दिसतो. पुढे त्वचा पातळ होते, शिरा दिसतात, केस येतात, आणि थांबवलं की आग सुरू होते. अशा चेहऱ्यावर आम्ल म्हणजे आगीत तेल.

केवडा

सनस्क्रीनचं प्रमाण सांगा. नागपूरकडच्या उन्हात रोज बाहेर काम असेल तर आम्ल लावावंच का?

रसायनी

चेहरा आणि मानेला मिळून तर्जनी आणि मधल्या बोटावर बुडापासून टोकापर्यंत काढलेल्या दोन पट्ट्या, एसपीएफ ३० किंवा जास्त, दर दोन तासांनी पुन्हा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे आलेल्या तपासण्यांत एएचए वापरणाऱ्या त्वचेची अतिनील किरणांबाबतची संवेदनशीलता साधारण १८ टक्क्यांनी वाढलेली आढळली आणि वापर थांबवल्यावर आठवड्याभरात ती पूर्ववत झाली. तिथे बाटलीवर तशी सूचना छापतात. यावरून सोपा नियम: वारीला निघायचंय, समुद्रावर जायचंय, शेतात दिवसभर काम आहे, तर आठवडाभर आधी आम्ल बंद. एप्रिल-मेमध्ये विदर्भ-मराठवाड्यात दिवसभर उन्हात असणाऱ्यांनी पीएचए किंवा निव्वळ मॉइश्चरायझरवर राहावं आणि आम्ल पावसाळ्यात सुरू करावं.

मधुमालती

जास्त झालं हे कसं ओळखायचं, आणि मग काय?

डॉ_कांती

लावल्यावर मिनिटभर हलकं चुरचुरणं ठीक. दोन मिनिटांनंतरही वाढत असेल तर भरपूर साध्या पाण्याने धुवा. सोडा, लिंबू, बर्फ काही नको. पुढच्या दिवसांत साध्या पाण्यानेही आग होणं, रोजचंच क्रीम झोंबणं, कपाळ प्लास्टिकसारखं चकाकणं आणि तरी ओढल्यासारखं वाटणं, एकाएकी बारीक पुटकुळ्यांचं पीक, ही लक्षणं. त्या चकाकीला पुष्कळ जण ‘ग्लो’ समजून आणखी लावतात.

मग सगळं बंद: आम्ल, रेटिनॉइड, व्हिटॅमिन सी, सुगंधी क्रीम. सकाळी नुसतं पाणी, रात्री सौम्य फेसवॉश. किंचित ओल्या चेहऱ्यावर सेरामाइड किंवा ग्लिसरीनचं क्रीम, जिथे फुटलंय तिथे रात्री व्हॅसलीन. दिवसा झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन. दोन ते चार आठवडे लागतात. पाण्याने आग होणं थांबल्यावर आणखी दोन आठवडे थांबा आणि मग निम्म्या प्रमाणावर सुरू करा. फोड, पाणी सुटणं, पांढरट किंवा करडा पडलेला चट्टा दिसला तर त्याच दिवशी त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. डाग पडण्याआधी दाह उतरवणं हाच उपाय.

रेशीमगाठ

ऑनलाइन ३० टक्के, ७० टक्के ग्लायकोलिक, टीसीएसुद्धा (ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक आम्ल) सर्रास मिळतं. मुली पाणी मिसळून लावतात.

डॉ_कांती

नाही, अजिबात नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०२४ मध्ये, तज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय असे तीव्र पील (त्वचा सोलणारी आम्लं) घेऊ-वापरू नयेत असा इशाराच दिला. दवाखान्यात ग्लायकोलिक लावताना घड्याळ लावलेलं असतं, त्वचा लाल व्हायला लागली की बायकार्बोनेटने ते मारतात. पांढरी पडली तर खोल गेलं असं समजतात. सॅलिसिलिक पीलमध्ये पांढरं दिसतं ती सुकलेली भुकटी असते. हा फरक आरशात बघून घरी कळत नाही. पाणी घालून पातळ केलं तरी पीएच हवा तिथे येत नाही.

केवडा

शेवटचं. लग्नाआधी किती दिवस सुरू करावं?

डॉ_कांती

घरचं आम्ल किमान तीन महिने आधी, म्हणजे मानवतं की नाही ते कळेल आणि बिघडलं तर निस्तरायला वेळ राहील. दवाखान्यातलं शेवटचं पील मुहूर्ताच्या तीन-चार आठवडे आधी. एका महिन्याच्या आत नवीन काहीच सुरू करू नका, मैत्रिणीने कितीही सांगितलं तरी. शेवटच्या आठवड्यात आम्लही बंद, कारण हळद, उटणं, मेकअप, मेकअप काढणं आणि मांडवातलं ऊन सगळं त्याच चेहऱ्यावर येणार असतं. हळद लावताना चेहऱ्याला आधी खोबरेल तेलाचा पातळ हात द्या आणि हळद वाळण्याआधी धुवा.